पाऊण

केंद्रशाळेतल्या प्रशिक्षणात एक तक्ता मिळाला.
बघून शिकणारी. ऐकून शिकणारी. हातानं शिकणारी.
पटावरची सत्तावीस नावं तीन रकान्यांत बसवा
आणि शुक्रवारपर्यंत जमा करा.

सावळजला फाल्गुनात
आमच्या वर्गाला बेदाण्याचा वास येतो,
आंबटगोड, जरा गंधकाचा.
निम्म्या पोरांच्या आया शेडवर निवडायला जातात,
पोरं पण जातात, सांगत नाहीत.
बोटं चिकट असली की वहीची पानं सुटत नाहीत,
तेवढ्यावरून मी ओळखते.

चौथीला अपूर्णांक होते.
फळ्यावर भाकरी काढली, चार भाग केले, तीन रंगवले.
तनजीम मुलाणीला एवढं पुरलं.
जिनेश्वर मगदूमला माझी भाकरी दिसतच नाही,
पण आजोबांनी पाठ करून घेतलेली पाऊणकी
तो डोळे मिटून म्हणतो,
पाऊण, दीड, सव्वादोन, तीन,
घंटा होते तेव्हा साडेसातावर पोचलेला असतो.
बिरुदेव हाकेपुढं मी मूठभर बेदाणे ठेवले.
त्यानं चार ढीग केले, मोजून, अगदी सोनारासारखे,
तीन माझ्याकडं सरकवले
आणि चौथा खाल्ला.
किती उरले रे?
पाऊण, बाई.

तक्ता भरत आला होता.
पुढच्या सोमवारी बेरीज काढली तर
तनजीम बाकावर बोटं वाजवून मोजायला लागली,
जिनेश्वरनं बेदाणे मागितले,
बिरुदेव म्हणाला, फळ्यावर काढा की.
मी पेन्सिलीनं लिहिलं होतं म्हणून बरं.

एक नाव मात्र कुठंच बसेना.
मायव्वा. जतच्या पार त्या टोकाची,
आईबाप शेडवर आले, तीन महिन्यांपुरती ती आमच्या पटावर.
फळा बघत नाही. पाढ्यात ओठ हलवत नाही.
बेदाणे दिले तर तसेच परत करते,
दिवसभर तेच करायचं, शाळेत पण तेच?
असं ती म्हणाली नाही. मला वाटलं.
ती सारखी खाली फरशीकडं बघत बसायची.
मी 'लक्ष नाही' असा शेरा लिहून टाकला, तोही पेनानं.

गुरुवारी सकाळी तिनं एकदम बोट दाखवलं.
मुक्कालु, म्हणाली.
वर्ग हसला. मुकी म्हणतीय का स्वतःला, कुणीतरी विचारलं.
मी बोटामागं गेले.
पूर्वेच्या खिडकीला चार काचा.
एक फुटलेली, तिथं बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा.
फरशीवर उन्हाचे तीन चौकोन,
चौथ्या जागी सावली.

खिचडीवाल्या शेवंताबाईंचं माहेर उमदीचं.
त्या पळी हातात घेऊनच आल्या.
कालु म्हंजे पाव, बाई. मुक्कालु, तीन पाव.
कालु म्हंजे पाय पण.
म्हंजे तीन पायांवर हुबं आहे म्हणा.

मी बावीस वर्षं पाऊण शिकवते.
पाव ऊन. पाव कमी.
आमचा शब्द आधी नसलेल्याकडं बोट करतो,
तिचा असलेलं मोजतो,
आणि दोघांचं उत्तर एकच.
हे मला कुठल्या प्रशिक्षणात
कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी आम्ही सगळे फरशीवर बसलो.
खडूनं चौकोन आखेपर्यंत ऊन सरकायचं,
मग पुन्हा आखायचं.
मायव्वा पुढं, बाकीचे तिच्या मागं गुडघ्यांवर.
मुक्कालु, जिनेश्वरनं चालीत म्हणून बघितलं. बसलं.

तक्ता जमा झाला. तिच्या नावापुढं मी
तिन्ही रकाने कोरे ठेवले,
केंद्रप्रमुखांचा फोन आला, उत्तर दिलं नाही.

काल मुख्याध्यापक म्हणाले,
काचेचे पैसे मंजूर झालेत, उद्या माणूस येतोय.
म्हटलं, सर, थोडं थांबू दे त्याला.
अपूर्णांक संपायचे आहेत अजून.