सहावी खाच

डंडीच्या गोदीमागे, हेरिंगच्या जुन्या वखारीत
माझं दुकान. पाटीवर अजून वडिलांचंच नाव.
नोव्हेंबरात तीन वाजताच दिवा लावावा लागतो.

गिलफिलन नावाचे गृहस्थ पेटी घेऊन आले,
महोगनीची, कडी तुटलेली, किल्ली सुतळीला.
म्हणाले, "चकचकीत करा. लिलाव सोळा तारखेला."
मी म्हटलं, पितळ घासलं की वरची लाख जाते
आणि लाखेबरोबर किंमतही.
ते समजल्यासारखं हसले, फोनकडे बघत राहिले.

ते गेल्यावर उघडली.
नळी, आरसा, तीन पायांची बैठक;
आणि खालच्या ड्रॉवरात सरंजाम,
नाकापेक्षा मोती जड:
चिमटा, शेपटाशी बुचाचा तुकडा टोचलेला;
जिवंत किडा दोन काचांमध्ये धरायची डबी;
उजेड गोळा करणारं भिंग, बटाट्याएवढं;
हाडाच्या पट्ट्यांची जुडी, अभ्रकाच्या खिडक्यांआड
पिसवेचा पाय, चिमणीचं पीस, मिठाचा एक खडा.
आणि माशाला निजवायचा पाट.
पितळेचा, अरुंद, कडेला फितीसाठी भोकं.
इवलासा मासा ओल्या फडक्यात बांधायचा
नि शेपटीच्या पातळ पडद्यात
रक्त धावताना बघायचं.
फीत अजून होती, गाठ सैल.
मासा किती वेळ तग धरायचा
हे कुठल्याच यादीत नसतं.

यादी झाकणाला चिकटवलेली, कारागिराच्या तिरक्या अक्षरात.
मखमलीत वस्तू पाच. मोजल्या. पाच.
खाचा सहा.

सहावी मागाहून कोरलेली,
चाकूने, घाईत. हिरव्या मखमलीतून लाकूड डोकावतंय.
बोटभर लांब, एका टोकाला फुगीर.
दुकानातली सगळी खोकी उपसली,
सुटी भिंगं, दांडे, वडिलांनी जपलेले अनाथ स्क्रू.
काही बसेना.
खाचेच्या तळाशी काळा डाग होता,
चांदी पडून राहिली की पडतो तसा.

सकाळी अंडं खाताना हातातला चमचा थांबला.
धुतला, पुसला, खाचेत ठेवला.
थोडा मोठा. पण बसला.
तळ्याचं पाणी थेंबाथेंबाने आणायला
कुणीतरी स्वयंपाकघरातून उचलला असणार.

गिलफिलनना फोन केला. विचारलं,
तुमच्याकडे अंड्याचे चमचे आहेत का, चांदीचे?
"आहेत की. पाच."
मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज जागा झाला.
सहाव्यापायी म्हणे एका मुलीला काढलं होतं,
एफी की कायसं नाव. आत्या सांगायची,
दाराबाहेर तिची पेटीसुद्धा झाडून बघितली.
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
"बरं, सोळा तारीख जमेल ना?"

जमेल म्हटलं.
पितळ घासलं नाही. खाच बुजवली नाही.
कारागिराच्या यादीखाली पेन्सिलीने लिहिलं:
सहावी वस्तू, चमचा. एफीने घेतला नव्हता, बहुधा.
'बहुधा' खोडला.
चहा गार होईपर्यंत बघत बसले,
मग पुन्हा लिहिला.