माय फादर आर

मंगळवारी साडेसहाला मी वर्ग उघडते,
वेकफील्डच्या लायब्ररीचा वरचा मजला.
हीटर चालतो तो आवाजापुरता.
गोदामातली पाळी संपवून, पिवळी जाकिटं तशीच अंगावर ठेवून
सातजण येतात. कधी चार.

फळ्यावर दोन वाक्यं लिहिते:
डॉग बार्क्स. डॉग्ज बार्क.
हा एस बघा, म्हणते,
दोघा भावांत मिळून एकच कोट.
नामानं घातला तर क्रियापद कुडकुडतं,
क्रियापदानं घातला तर नाम उघडं.
युर्गिता हसते. सोरिन विचारतो,
पण कुत्री जास्त, थंडी जास्त, मग कोट एकच का?
तीस वर्षं शिकवतेय.
याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

शिरझाद 'एव्हरीबडी'वर अडून बसलाय.
सगळे ना? मग इज का?
कारण, मी सांगते, इंग्रजी सगळ्यांना
एकेक करून मोजते,
नाक्यावरच्या शिपायासारखी.
हे त्याला चटकन कळतं.
अशा नाक्यांवर तो उभा राहिलेला आहे.

हब्तोम बोलत नाही. लिहितो.
माय फादर आर अ टीचर.
माय फादर आर इन केरेन.
माय फादर डोन्ट नो माय ॲड्रेस.
मी तीन लाल रेघा मारल्या,
गिअर बदलावा तशा, न बघता.
पुढच्या मंगळवारी पुन्हा आर. पुन्हा लाल.
तिसऱ्या खेपेला खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले
आणि थट्टेनं विचारलं,
वडील आहेत तरी किती तुला?

एक, तो म्हणाला.
पण आमच्याकडे वडिलांना कुणी एक म्हणत नाही.
एक म्हणजे बकरी. शेजारचा पोरगा. मी.
इज लिहिलं ना, मिस,
की वाटतं त्यांच्यासमोर पाय पसरून बसलोय.

खाली कुणीतरी पुस्तकांची ढकलगाडी नेत होतं.
तिचं एक चाक कुरकुरत होतं.

माझा बाप खाणीत होता.
आठ वर्षांची असताना मी निबंधात लिहिलं,
माय डॅड वेअर अ मायनर.
आमच्या गल्लीत सगळंच वेअर असायचं,
आय वेअर, शी वेअर, चहासुद्धा वेअर कोल्ड.
मिस ॲपलयार्डनं वही उंच धरली:
वॉज, जॅनिस, वॉज. बाप किती आहेत तुला?
वर्ग खो खो हसला.

त्या रात्री बाप जेवायला बसला,
पापण्यांच्या कडांना धुऊनही न गेलेला कोळसा,
खालच्या थरातल्या पाण्याबद्दल काही सांगत होता,
इट वेअर up to इथपर्यंत, म्हणून हात छातीशी नेला,
आणि मी म्हणाले, वॉज, डॅड.
हात तिथंच राहिला थोडा वेळ.
मग त्यानं मीठ मागितलं.
पुढं कायम माझ्याशी जपून बोलायचा,
पाहुण्यांशी बोलावं तसा.
बरीच वाक्यं अर्ध्यात सोडायचा,
क्रियापद यायच्या आत.

हब्तोमला म्हटलं, जूनमध्ये परीक्षा आहे.
पेपरात इज लिही. मार्क तिथं आहेत.
आणि ही वही?
ही तुझी आहे, म्हटलं.
लाल पेन टोपण लावून पर्समध्ये टाकलं.
त्या रेघा खोडायला काही नव्हतं माझ्याकडे,
लाल शाई पुसत नाही.

घरी जाताना सिग्नल लागतो तिथं पूर्वी खाणीचं फाटक होतं.
आता तिथं ते गोदाम,
हब्तोम ज्यात रात्री दोनपर्यंत खोकी भरतो.
दिवा लाल होता. काच वर होती.
गाडीत मी एकटीच,
तेव्हा मोठ्यानं म्हणून पाहिलं:

माझे वडील खाणीत होते.

होते.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.