एकोणीस

मोरकमच्या क्लबहाऊसात, चहाच्या यंत्रामागे
एक हिरवी नोंदवही असते, खाऱ्या वाऱ्याने कडा फुगलेली.
दर ऑगस्टात बारा वर्षांखालच्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा,
आणि तिचे झाडून सगळे विक्रम
ऑलरेनशॉ आजोबांच्या तिरक्या अक्षरात.

सर्वांत जलद गोल: नऊ सेकंद.
'स्वतःच्याच जाळ्यात' हे नंतर जोडलंय, वेगळ्या शाईने.
सर्वांत लांबलेल्या पेनल्टी: चौतीस फटके.
अंधार पडला, गाड्यांचे दिवे लावले, तरी बरोबरीच.
शेवटी नाणं उडवलं, तर ते चिखलात उभंच रुतलं.
हे नाण्याचं वहीत नाही. आजोबा सांगतात.

मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते, पाचपाचच्या ओळीत.
म्हणून मला बोलावलं.
त्यांचा हात आता कापतो, आणि मोजणारं माणूस हवं होतं.

सर्वांत मोठा पराभव. १९९७. मैदान क्रमांक चार.
१९–०.
हरलेले: फेरो बेटांवरची एक शाळा. गोलकीपर: रान्वा, वय अकरा.
वहीत एवढंच.
बाकीचं त्यांच्या तोंडून, चहा निवेपर्यंत:
मुली बोटीने आल्या, तिघी ओकून ओकून तंबूत आडव्या,
आठच उतरल्या मैदानात.
वारा दोन्ही डावांत तोंडावरच,
कारण मध्यंतरात वाऱ्यानेही बाजू बदलली.
शेवटच्या मिनिटाला चेंडू रान्वाच्या थेट तोंडावर बसला.
गोल झाला नाही. दात पडला, दुधाचा, शेवटला.
सगळ्यांनी शोधला, जिंकलेल्यांनीसुद्धा, गुडघ्यांवर रांगत.
सापडला नाही.

यंदा समितीची सभा झाली.
नव्या सचिव, मिस थ्वेट, मनाने चांगल्या. म्हणाल्या,
लेकरांची नावं अशी हरण्याला डकवून ठेवायची का?
ती ओळ काढून टाकू.
हात वर झाले. माझाही, अर्धा.
आजोबा बोलले नाहीत. त्यांचं बिस्किट चहात बुडालं
ते तळालाच गेलं.

मग मी पत्र टाकलं.
पत्ता वहीनेच दिला, मागच्या पानावर शाळांचे पत्ते आहेत.
शाळेने ते पुढे कोणाकोणाकडे धाडलं, देव जाणे.
सात आठवड्यांनी उत्तर. ती आता फेरीबोटीवर
इंजिन सांभाळते, बेटाबेटांतून.
लिहिते: ओळ काढू नका. माझी आहे.
दुसरी कुठलीही वही मला ओळखत नाही.
आणि खाली, घाईत:
विसावा मी तोंडाने अडवला, ते लिहिलंय ना?

नव्हतं लिहिलं.
अडवलेल्यांना रकानाच नाही.
मी मागची पंचवीस पानं उलटून पाहिली. आत गेले तेवढे मोजलेत.

रात्री एकटीच बसले. बाहेर ओहोटी,
समुद्र मैलभर मागे गेलेला, नुसती चकचकीत वाळू.
चेकवर लिहितात तसं, आकड्याशेजारी अक्षरी लिहावं म्हटलं,
पेन्सिलने. हात आपसूक आपल्याच लिपीत वळला:
एकोणीस.

या शब्दापायी छड्या खाल्ल्यात मी.
एकोणतीसच्या पाढ्याला तर घाम फुटायचा.
गुर्जरबाई विचारायच्या, एकोण म्हणजे काय गं?
एक ऊन, बाई. एक उणा.
एक उणा वीस.

वीसच यायचे होते.
तो एक, तोंडावर घेतलेला,
इतकी वर्षं शब्दाच्या पोटात बसून होता
आणि मला छडीची आठवण तेवढी राहिली.

सकाळी आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. हे काय?
सांगितलं मी, जमेल तसं, त्यांच्या भाषेत, दोनदा.
बराच वेळ बोट त्या अक्षरांखालून फिरवत राहिले.
मग म्हणाले, शाईने लिही.

नंतर दोघं उगाच चार नंबरच्या मैदानावर गेलो.
गवत नुकतंच कापलेलं होतं.
खाली बघत चाललो.