डावं-उजवं

मार्वाच्या कॅफेसमोर दोन पिकअप उभ्या असायच्या.
डावीकडे बाबांची फोर्ड, पांढरी, म्हणजे कधीकाळी पांढरी.
उजवीकडे आर्विड टोल्फसनची डॉज,
खपलीच्या रंगाची.
मधे एक जागा रिकामी.
तिथे कुणी शेव्हरोले लावली
तर दोघं मिळून काचेतून तिच्याकडे बघत बसायचे.

एवढ्या एकाच बाबतीत एकमत.

बाबा म्हणायचे, दार लावून बघ.
तुझ्या दाराचा आवाज म्हणजे बिस्किटांचा डबा.
आर्विड म्हणायचा, दार काय गाई ओढतं?
माझे सहा सिलिंडर बघ, एका रांगेत, शहाण्या पोरांसारखे.
तुझे आठ. चार इकडे तोंड करून, चार तिकडे,
घरातच फूट.
बाबा म्हणायचे, तुझं इंजिन शंभर वर्षं जगेल रे,
पण त्याच्याभोवतीची गाडी त्याआधीच
गंजून रस्त्यावर सांडलेली असेल.
आर्विड कॉफी ढवळत राहायचा, साखर नसलेली.
हे त्याला लागायचं,
कारण खरं होतं.

एकदा बिगहॉर्नच्या घाटात निकाल लावायचं ठरलं.
दहा-दहा गाई ट्रेलरमध्ये, मी बाबांच्या शेजारी,
मांडीवर वही: वेळ लिही, काटा कुठे गेला ते लिही.
चढताना आम्ही चाळीस सेकंद पुढे.
बाबा शीळ घालत होते.
उतारावर मात्र ब्रेकचा करपट वास सुटला, गाई ओरडायला लागल्या,
आणि डॉज आमच्या शेजारून
ब्रेकला पाय न लावता, नुसत्या इंजिनाच्या घोगऱ्या आवाजावर,
म्हाताऱ्या माणसासारखी जपून खाली गेली.
घरी आल्यावर बाबांनी वहीतलं दुसरं पान मागितलं.
मी दिलं नाही.

मग साखळीही झाली. कापलेल्या गव्हाच्या रानात
पाठीला पाठ लावून ओढाओढ.
साखळी मधेच तुटली, एक कडी
कुंपणापलीकडे गेली ती अजून सापडलेली नाही.
दोघंही म्हणाले, मी जिंकलो.
इंगा टोल्फसन पायरीवर उभी राहून बघत होती.
आत गेली, दार लावलं.
त्या दाराचा आवाज भारी होता.

हिवाळ्यात पारा उणे तीसवर,
दोन्ही इंजिनांना रात्रभर विजेची वायर जोडलेली,
आजाऱ्याला सलाईन लावावं तशी.
पहाटे ओढ्यापलीकडून कुणाची आधी सुरू होते,
बाबा अंथरुणात पडून ऐकायचे.
मार्चमध्ये सलग दोन पहाटे पलीकडून काही आलं नाही.
तिसऱ्या दिवशी बाबा वायर न काढताच निघाले;
ती त्यांच्यामागून बर्फात फरफटत गेली.

जमीन गोठलेली. कबर खणायला मशीन मागवावं लागलं.
ते ओढत आणलं एका शेव्हरोलेने.
बाबा काही बोलले नाहीत.

मे महिन्यात लिलाव. पेरणीयंत्र आणि जुना फ्रीझर यांच्या मधोमध डॉज,
तीन लाख चाळीस हजार मैल,
डॅशबोर्डवर अजून त्याचे चष्मे, दोन, दोन्ही एका काडीचे.
नेब्रास्काहून आलेल्या एका पोराने घेतली,
इस्त्रीचा शर्ट घातलेल्या.
चाकांना लाथा मारून बघत होता, कुणी सांगितलं होतं कोण जाणे.
बाबा त्याच्याजवळ गेले.
मला वाटलं, आता वीस वर्षांचं सगळं बाहेर पडणार.

तिसऱ्या गिअरला अडखळते, म्हणाले, घाई करू नकोस.
डावं दार थोडं उचलून लाव.
इंजिनाला हात लावू नकोस. नुसतं ऐक.
टोपी काढली, परत घातली.
आणि वाटेत कुणी फोर्डवाला भेटला,
तर त्याच्या नादी लागू नकोस.

घरी येताना उतार लागला.
बाबांनी ब्रेक जरा लवकरच दाबला.
वास आला.
काच खाली कुणीच केली नाही.