रोज कॉटेज

आमच्या वॉर्डात एक शब्द बोलायचा नसतो.
शांत.
रात्रपाळीला कुणी चुकून म्हणालं,
"आज काय शांत आहे ना,"
की डेन्झिल हातातला चहा खाली ठेवतो
आणि दहा मिनिटांत तीन स्ट्रेचर येतात.
मी विज्ञान शिकलेय. तरी बोलत नाही.

बाकी शब्द भरपूर.
दर शुक्रवारी छातीत दुखतं म्हणून येणारा
आणि सँडविच खाऊन बरा होणारा म्हातारा कोळी,
तो आमचा पासधारक.
राउंडला येणारे मोठे डॉक्टर म्हणजे सीगल:
येतात, ओरडतात, घाण करतात, उडतात.
पेन्झान्समध्ये हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि कुणी गेलं, तर फोनवर एवढंच:
"डेन्झिल, रोज कॉटेजला एक."
तिथे गुलाब नाहीत.
बॉयलरमागचं तळघर, स्टीलचे कप्पे,
फडफडणारी एक ट्यूब.

मार्चमध्ये चौदा नंबरला आल्या लव्हडे ट्रेगेन्झा.
एक्क्याण्णव वर्षं, फुप्फुसांत पाणी,
नखं मात्र नीट कापलेली.
आम्ही पडद्याआड कुजबुजत होतो.
पडदा कापडाचा असतो, हे आम्ही नेहमी विसरतो.

"पोरींनो, एकोणसत्तर साली
या वॉर्डाची सिस्टर मी होते.
तेव्हा ट्रॉली बागेतून जायची.
वळणावर गुलाबाचं एक किडकं झाड.
दर वेळी चादर काट्यांत अडकायची,
मी थांबून सोडवायचे.
घाई कुणाला असते?"

मग माझ्याकडे बघून:
"मला कधी लावलंयस?"
"असं काय बोलता," मी म्हणाले,
कोर्समध्ये शिकवलं होतं तसं.
"नातेवाइकांशी बोलतात तसं नको.
आपल्या भाषेत सांग."

मी खाटेच्या कडेवर बसले. तेही नियमात बसत नाही.
"आज नाही. शनिवारच्या आत, बहुतेक."
त्यांनी मान हलवली,
ड्यूटीचा तक्ता वाचावा तशी.

शुक्रवारी, पावणेपाचला, फोन उचलला.
"डेन्झिल, रोज कॉटेजला एक."
रोजचंच वाक्य.
लिफ्टच्या दारात चादरीचं टोक अडकलं.
डेन्झिलला मी काही सांगितलं नव्हतं,
तरी त्यानं ओढलं नाही.
गुडघ्यावर बसून, दोन बोटांनी,
सोडवलं.

परत आले. चौदाची गादी गुंडाळलेली.
कुणाची घंटा नाही, कुणाचा खोकला नाही.
तो शब्द जिभेवर आला होता.
गिळला.