टिंब

माझे वडील अखेरपर्यंत ‘नाहीं’ लिहीत,
डोक्यावर टिंब देऊन.
सरकारनं ती टिंबं कधीच काढून टाकली होती,
घाऊक, कागदावरून,
आणि कोणी दगावलं नाही.

रावपुऱ्यातल्या आमच्या इस्पितळात
एकच टिंब हरवलं.
चौकशी मेट्रन म्हणून माझ्याकडे आली.

खाट चौदा. मंजुळाबेन रोहित,
दांडिया बाजारात झेरॉक्सचं दुकान,
हृदयात नवी झडप,
रक्त पातळ ठेवायला रोज रात्री गोळी.
डॉक्टरांनी लिहिलं: पॉइंट पाच.
टिंब पडलं कागदाच्या छापील रेघेवर
आणि रेघेचंच होऊन गेलं.

चार रात्री पाच.
पाचव्या सकाळी उशीच्या अभ्र्यावर हिरड्यांचं रक्त.
सहाव्या दिवशी त्यांनी मुलीला
भलत्याच नावानं हाक मारली.

समितीच्या नमुन्यात रकाना होता: चूक कोणाची.
अर्धी ओळ. एक नाव मावेल एवढीच.
जिग्नाशा वसावा, रात्रपाळी, नोकरीला सात महिने,
नाव बेतून शिवल्यासारखं बसत होतं.

ती माझ्यासमोर पेनचं टोपण लावत, काढत.
‘बेन, मने तो पांच ज देखायुं.’
मी म्हटलं, चल, कुठे उभी होतीस ते दाखव.

रात्री दोनला आम्ही दोघी त्याच जागी.
ट्रॉलीवरची ट्यूबलाइट दिवाळीपासून गेलेली,
जिन्यातून येईल तेवढा उजेड.
सव्वीस पेशंट, ती एकटी,
बावीस नंबरची घंटा वाजते आहे.
अर्ध्याची गोळी आमच्याकडे कधीच नव्हती,
एकची मोडून द्यायची असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.
पाचच्या पाकिटांनी मात्र खण भरलेला.
मी कागद हातात घेतला.
चष्मा होता. तीस वर्षांची नोकरी होती.
मलाही पाचच दिसलं.

मागल्या पुरात विश्वामित्रीतली मगर
आमच्या स्कूटर स्टँडमध्ये येऊन बसली होती.
तेव्हा कोणी विचारलं नाही, चूक कोणाची.
सगळे एकच विचारत होते, आली कुठून?
आणि संध्याकाळच्या आत भिंतीतलं भगदाड सापडलं.

मी रकान्यातलं ‘कोणाची’ खोडून ‘कशी’ लिहिलं.
नमुना परत आला.
मी पुन्हा पाठवला, सोबत चार पानं जोडून:
रेघांचा कागद, ट्यूबलाइट, घंटा, खण.

मंजुळाबेन वाचल्या.
उजवा हात नाही वाचला.
मुलगी आता दुकानात बसते;
चौकशीच्या प्रती मी तिच्याकडेच काढल्या,
तिनं एकेक पान वाचून मगच काचेवर ठेवलं,
आणि पैसे घेतले, मोजून.
ते बरं वाटलं का, अजून सांगता येत नाही.

मग एक वही ठेवली वॉर्डात.
चुका लिहायच्या, घडलेल्या, घडता घडता राहिलेल्या.
नाव नको. शिक्षा नाही.
अठरा दिवस वही कोरी.
कोरी वही म्हणजे काय, हे इस्पितळात सगळ्यांना कळतं.

एकोणिसाव्या दिवशी मी बसले आणि लिहिलं:
भरूचला असताना, सलाइन समजून
पोटॅशियमची कुपी हातात घेतली.
सिरिंजमध्ये ओढणार तोच ती निसटली, फुटली.
काचा वेचताना लेबल वाचलं.
चोवीस वर्षं कोणाला सांगितलं नाही.
खाली सही केली. नियम माझाच, मीच मोडला.

दुसऱ्या दिवशी दोन नोंदी, गुजरातीत.
तिसरी पेन्सिलीनं, खोडता येईल अशी.
जिग्नाशा हल्ली टिंबाआधी शून्य काढते,
बांगडीएवढं.
ट्यूबलाइटसाठी तिसरं पत्र गेलं आहे.

आजची नोंद डॉक्टरांच्या अक्षरात आहे.
मला लागेना.
त्यांना बोलावलं आहे, वाचून दाखवायला.