तिसरं बिऱ्हाड

तार्तूत दुपारी साडेतीनलाच अंधारतं.
हेल्वे पानं हलवतेय,
सहा वर्षांत हे तिसरं बिऱ्हाड.
पहिला प्लॅटफॉर्म फुकट होता, एका रात्रीत बंद पडला.
दुसरा देखणा;
त्याची किल्ली फक्त राइवोकडे,
आणि राइवो आता मधमाश्या पाळतो.

या वेळी साध्या फाइली, कोडच्याच शेजारी.
सर्च जरा लंगडा. चालेल.

दोनशे अकरा दुवे तुटलेत.
ती एकेक सांधते, कॉफी निवते.

'इन्स्टॉल'च्या पानात, पायरी चारखाली
राइवोची जुनी ओळ सापडते :
"इथे सगळेच अडतात. मीही अडलो होतो."

नियमावलीत असलं बसत नाही.
ती कर्सर नेते ओळीपाशी,
त्यातला एक ऱ्हस्व दीर्घ करते,
बाकी ओळ राहू देते.